आजीच्या ओव्यांची डिस्क : प्रकल्प नोंदी

शनिवार, १४ जून २०२५

सकाळी पीसी सुरू केला. विंडोज यायला सहा-सात मिनिटं लागली आणि आल्यावर पाहते तर डी ड्राइव्ह गायब. रीस्टार्ट केलं, तेच. डिस्क मॅनेजमेंट उघडलं, तिथे फक्त ५०० जीबीची जुनी डिस्क. १ टीबीची दुसरी यादीतच नाही.

त्या १ टीबीवर काय आहे ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कंटाळा आला तर वाचता येईल. घरातले सगळे स्कॅन केलेले फोटो, मुलाच्या लहानपणीचे व्हिडिओ, आणि आईच्या आईच्या, म्हणजे आजीच्या, जात्यावरच्या ओव्या. २०११ च्या उन्हाळ्यात मामाच्या घरी पडवीत जातं मांडून आम्ही त्या रेकॉर्ड केल्या. एकूण ६१ फाइल. आजी २०१६ ला गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या आज जपल्या गेल्या आहेत. त्या लाखात माझी आजी नाही. तिचा आवाज ह्या एका डिस्कवर आहे. दुसरी प्रत करायची राहून गेली, आणि ही चूक माझी आहे.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, गेले. पोर्ट १ वर ५०० जीबी, पोर्ट २ समोर ‘नॉट प्रेझेंट’. एवढ्यावरून बरंच कळलं. बायोसला डिस्क दिसते आणि विंडोजला दिसत नाही, असं असतं तर ड्राइव्हचं अक्षर, पार्टिशन, ड्रायव्हर बघायचे. इथे बायोसलाच दिसत नाही, म्हणजे गोष्ट विंडोजच्या खालची आहे: वीज, केबल, पोर्ट किंवा खुद्द डिस्क.

मागच्या आठवड्यात दोनदा सुरू होताना विंडोजने आपणहून डिस्क तपासायला घेतली होती आणि मी ते चालू दिलं होतं. आता तसं करणार नाही. ती तपासणी नुसती बघत नाही, दुरुस्ती म्हणून डिस्कवर लिहिते. आजारी डिस्कवर लिहिणं नको. पीसी बंद केला, प्लग काढला.

रविवार, १५ जून

उद्यापासून शाळा, म्हणून आजच कॅबिनेट उघडलं. प्लग काढून पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला, मग आत हात घातला. हा पीसी २०१४ चा, एच८१ चिपसेटचा बोर्ड, चार साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या खाचा. अकरा वर्षांची धूळ पंख्याच्या पात्यांवर नमद्यासारखी बसली होती. रंगाच्या कोरड्या ब्रशने काढली.

आधी ऐकलं. प्लग लावला, पीसी सुरू केला आणि डिस्कच्या कडेला दोन बोटं टेकवली. थरथर लागली, एकसारखी. आतलं चक्र फिरतंय म्हणजे वीज पोचतेय. ‘टक… टक… टक’ असा आवाज अजिबात नाही. तो आला असता तर मी तिथेच थांबले असते आणि डिस्क थेट डेटा काढून देणाऱ्या तज्ज्ञाकडे नेली असती, कारण तो आवाज बहुधा वाचणारं डोकं जागा सापडत नाही म्हणून मागे-पुढे आपटतंय त्याचा असतो. तशी डिस्क प्रत्येक वेळी चालू करताना आणखी बिघडू शकते.

मग बंद करून एकेकच गोष्ट बदलली. पहिली डेटा केबल. जुनी केबल हातात आली तेव्हाच शंका आली: तिच्या टोकाची स्टीलची पट्टी, जी बसताना ‘टिक’ वाजते आणि केबल धरून ठेवते, ती जागेवर नव्हती. नुसतं प्लॅस्टिक खाचेत टेकलेलं. पंख्याच्या थरथरीने केसाएवढं जरी सरकलं तरी सात पिनांपैकी एखादी सुटणार. दुसरी केबल लावली, पोर्ट तोच ठेवला. बायोसमध्ये डिस्क दिसली.

इथे कॅबिनेट बंद करून मोकळं व्हायचा मोह फार झाला. पण आधी डिस्कचं स्वतःचं म्हणणं वाचायचं ठरवलं. विंडोज सुरूच केलं नाही. लिनक्स मिंट ह्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेनड्राइव्हवरून पीसी उठवला, ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम उघडला आणि डिस्क माउंट न करता, म्हणजे तिच्यातल्या फाइली न उघडता, तिचा स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, पाहिला.

१९९ नंबरची ओळ, सीआरसी चुका: १,१४८.
१९७ नंबरची ओळ, वाचता न आलेले आणि निर्णयासाठी थांबलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे): १६.
५ नंबरची ओळ, बदलून दिलेले सेक्टर: ८.
९ नंबरची ओळ, चालू असलेले तास: १९,४२०.

ह्या चार ओळींनी माझं मत बदललं. बोर्ड आणि डिस्क यांच्यात डेटा जातो तेव्हा प्रत्येक तुकड्यामागे एक तपासणी-आकडा जातो. पलीकडे तो जुळला नाही की १९९ मध्ये एकाची भर पडते. ती चूक बहुतेक वेळा केबलचीच. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून १,१४८ बघून घाबरण्यात अर्थ नाही. नव्या केबलवर तो वाढतो का, तेवढं बघायचं. अर्धा तास बघितलं, १,१४८ वरच आहे. केबलचा प्रश्न संपला.

१९७ ची गोष्ट मात्र केबलची नव्हे. ते १६ म्हणजे थेट चक्तीवरच्या जागा, ज्या डिस्कला स्वतःला वाचता येत नाहीत. म्हणजे दुखणी दोन आहेत, एकावर एक. केबलने डिस्क लपवली नसती तर मी ती अशीच वापरत राहिले असते, सोळाचे साठ आणि साठचे सहाशे होईपर्यंत.

डिस्कच्या दोन्ही केबल काढून ठेवल्या. आता ती जोडायची ती फक्त प्रत काढायला.

बुधवार, १८ जून

रात्री भाच्याशी बोलले. तो पुण्याला असतो, सर्व्हरचं काम करतो. म्हणाला, “मावशी, त्या डिस्कवरून फाइली कॉपी करत बसू नकोस. आख्ख्या डिस्कची सेक्टर-बाय-सेक्टर इमेज घे, म्हणजे एका फाइलमध्ये जशीच्या तशी नक्कल, मग जे करायचं ते इमेजवर.” त्याच्याकडे ८ टीबीची एक डिस्क पडून आहे. बाहेरून जोडायची होती, तिच्या डब्यातली यूएसबीची पाटी जळाली, आतली डिस्क चांगली आहे. ती शनिवारी घेऊन येतो म्हणाला. आईला काही सांगितलेलं नाही. आषाढी ६ जुलैला आहे आणि दरवर्षी एकादशीला ती ओव्या लावायला सांगते.

शनिवार, २१ जून

भाचा आला. आणि ८ टीबीची डिस्क मेलेली निघाली, असं आम्हाला दोन तास वाटत होतं.

जोडली, सुरू केली, बोटं टेकवली: काहीच नाही. थरथर नाही, ऊब नाही. बायोसमध्ये नाही. डेटा केबल बदलली, पोर्ट बदलला, पॉवरची दुसरी केबल लावली. तरी नाही. भाच्याने सोबत यूएसबी डॉक (डिस्क खोचून लॅपटॉपला जोडायचा ठोकळा) आणला होता, त्यात घातली तर लगेच फिरायला लागली आणि लॅपटॉपवर दिसली. पुन्हा पीसीत लावली, पुन्हा मेलेली.

डॉकमध्ये जिवंत आणि पीसीत मेलेली, ह्यातच उत्तर होतं. साटाच्या पॉवर जोडणीत १५ पिना असतात. जुन्या पद्धतीत पहिल्या तीन पिनांवर ३.३ व्होल्ट यायचे, पण ३.५ इंची डिस्का ते जवळपास वापरतच नसत, त्यांचं काम ५ आणि १२ व्होल्टवर चालतं. साटाच्या ३.३ आवृत्तीपासून तिसऱ्या पिनेला वेगळं काम दिलं: तिच्यावर व्होल्टेज आलं तर डिस्कने बंद राहायचं. मोठ्या डेटा सेंटरमध्ये अडकलेली डिस्क लांबून बंद-चालू करता यावी म्हणून. आमचा पॉवर सप्लाय २०१४ चा. तो जुन्या रिवाजाप्रमाणे तिसऱ्या पिनेवर ३.३ व्होल्ट देत राहतो, आणि नवी डिस्क त्याचा अर्थ ‘झोपून राहा’ असा घेते. डॉक फक्त ५ आणि १२ देतो, म्हणून तिथे ती जागी होते. डिस्कही बरोबर, पॉवर सप्लायही बरोबर, दोघांच्या वयातलं अंतर नडतंय.

उपाय दोन. एक म्हणजे जुन्या चार पिनांच्या मोलेक्समधून साटा पॉवर काढणारी केबल. तिच्यात ३.३ ची तारच नसते. पण बाजारात मिळणाऱ्या त्या केबलींपैकी ज्यांचं टोक तारांवर प्लॅस्टिक ओतून बनवलेलं असतं, त्या आत शॉर्ट होऊन वितळल्याची उदाहरणं आहेत. रात्रभर चालणाऱ्या कामात मला ती नको. दुसरा उपाय काप्टन टेप. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ती पिवळसर, पारदर्शक, उष्णता सोसणारी टेप. चौकातल्या मोबाइलवाल्याने वीतभर टेप अशीच दिली, पैसे घेतले नाहीत.

भाचा दिवा धरून उभा, मी चष्मा लावून बसले. डिस्कच्या पॉवरच्या पिना डेटाच्या बाजूकडून मोजायच्या: एक, दोन, तीन. तिसरी झाकली की पुरे, पण एका पिनेएवढी पट्टी हातात धरता येत नाही. पहिल्या तिन्ही मिळून साधारण चार मिलिमीटर, म्हणून तिन्ही झाकल्या, कारण तिन्हींचा इथे उपयोग नाही. ब्लेडने पट्टी कापली, चिमट्याने ठेवली, काडीपेटीच्या काडीने दाबून बसवली. पहिल्यांदा चौथ्या पिनेवर चढली. ती जमिनीची पिन, म्हणून काढून दुसरी पट्टी कापली. मग केबल सरळ, न हलवता आत घातली, नाहीतर टेप गोळा होते.

सुरू केलं. बोटांखाली थरथर आली. भाचा आणि मी दोघं एकदमच हसलो.

तिचाही स्मार्ट डेटा पाहिला: १९७ शून्य, ५ शून्य. घ्यायला हरकत नाही.

रविवार, २२ जून

आज मुख्य काम. क्रम असा ठरवला की एका वेळी एकच अनोळखी डिस्क जोडलेली असावी. आधी फक्त ८ टीबी. जुनी १ टीबी मोकळीच.

हे मुद्दाम. विंडोजला न समजणारी डिस्क दिसली की ते ‘इनिशिअलाइज करा’ म्हणून खिडकी उघडतं आणि ‘ओके’ वर बोट सहज जातं. त्या खिडकीला नवी कोरी डिस्क आणि भागांचा तक्ता खराब झालेली भरलेली डिस्क ह्यांतला फरक कळत नाही.

मिंटमधूनच नव्या डिस्कवर जीपीटी तक्ता केला, म्हणजे डिस्कचे भाग कुठून कुठे ते लिहून ठेवायची नवी पद्धत. जुनी पद्धत, एमबीआर, चालत नाही: त्यात सेक्टरचा नंबर ३२ बिटांत लिहितात, ५१२ बाइटच्या सेक्टरने ते २,१९९,०२३,२५५,५५२ बाइटला संपतं, म्हणजे २.२ टीबीच्या पुढचा भाग हाताशी येत नाही. विंडोज जुन्या एमबीआर डिस्कवरून सुरू होतं ते तसंच राहील, डेटाची डिस्क जीपीटी असली तर ६४ बिट विंडोजला चालते. दोन पार्टिशन केले: ३ टीबी ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल-मांडणी), बचावकामासाठी, नाव ‘काढणी’. उरलेला एनटीएफएस (विंडोजची), घरच्या वापराला, नाव ‘ठेवा’.

(मुलाने विचारलं, ८ टीबी म्हणतेस आणि विंडोज ७.२७ कसं दाखवतं? कारखाना टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं मोजतो, विंडोज चार १०२४ एकमेकांशी गुणून आलेला आकडा मोजतं आणि नाव मात्र टीबीच देतं. एक बाइटही कमी नाही.)

मग पीसी बंद करून जुनी डिस्क जोडली. पुन्हा मिंट. इमेज घेण्यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू. साधी कॉपी खराब जागी अडकून तिथेच डिस्कला छळत बसते. हा प्रोग्राम चांगला भाग आधी भराभर उचलतो, वाईट जागा सोडून पुढे जातो आणि कुठे काय राहिलं ते नकाशाच्या फाइलमध्ये लिहीत जातो. त्याला आधी कुठून आणि मग कुठे हे सांगायचं असतं. तिथे उलट झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. म्हणून नावांवर विसंबले नाही. डिस्कच्या स्टिकरवरचा सीरियल नंबर भाच्याने मोठ्याने वाचला, पडद्यावरचा मी वाचला, शेवटची चार अक्षरं दोनदा. मग एंटर.

दुपारी २:१०. सेकंदाला ११८ एमबी.

३:३५. आकडा एकदम ४ एमबीवर. वाईट जागा आली असावी. डिस्कचा आवाज बदलला, खरखरून थांबतेय. एका मिनिटाने पुन्हा वेग.

४:२०. पाऊस, विजा. लाईट गेली. यूपीएसची बॅटरी जुनी, तिने दोन मिनिटंसुद्धा धरलं नाही. सगळं काळं.

५:५०. लाईट आली. मिंट पेनड्राइव्हवरून चालत होतं, त्यातलं बसवलेलं सगळं गेलं, डीडीरेस्क्यू पुन्हा बसवावा लागला. पण इमेज आणि नकाशा दोन्ही ‘काढणी’ वर होते. तीच आज्ञा दिली, आणि जिथे थांबलं होतं त्याच्या जवळपासून पुढे सुरू झालं. नकाशाची फाइल नसती तर पहिल्यापासून, त्या थकलेल्या डिस्कला पुन्हा पूर्ण वाचायला लावून. यूपीएसची बॅटरी उद्याच.

८:४०. पहिली फेरी पूर्ण. तीन जागा राहिल्या. १९७ आता २४. गेल्या रविवारी १६ होता.

रात्री तीन जास्तीच्या फेऱ्या लावून झोपले.

सोमवार, २३ जून

सकाळी: दोन जागा वाचल्या, एक राहिली. ४,०९६ बाइट. एक हजार अब्ज बाइटांतले चार हजार. जुनी डिस्क काढली, वर तारीख आणि ‘जोडू नये’ लिहून कपाटात.

मुलाने विंडोज सुरू केलं तर निळा पडदा, बूट डिव्हाइस मिळत नाही म्हणून. क्षणभर पोटात गोळा आला. मग आठवलं, काल लाईट गेल्यावर पीसीने तारीख २०१३ दाखवली होती. बोर्डवरची सीआर२०३२ बटण-बॅटरी मल्टिमीटरवर २.४ व्होल्ट, हवेत ३. बायोसच्या सेटिंग पुसल्या गेल्या, साटा डिस्कशी बोलायची पद्धत जुन्या आयडीईवरून बोर्डच्या मूळच्या, नव्या एएचसीआयवर आली. हे विंडोज अकरा वर्षांपूर्वी दुकानात आयडीईवर बसवलेलं. पुन्हा आयडीई केलं, बूटच्या क्रमात ५०० जीबी वर आणली, सुरू झालं. नवी बॅटरी पस्तीस रुपये. एएचसीआयवर नेणं आहेच, पण आधी सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सोय करून, सावकाश.

शनिवार, २८ जून

राहिलेले ४,०९६ बाइट कोणत्या फाइलचे? इमेज माउंट करून फाइली उघडल्या तर सगळ्या उघडतात, कारण त्या जागी नुसती शून्यं आहेत, कुठे चूक दिसत नाही. हे मला नको होतं. काय गेलं ते नेमकं कळायला हवं.

डीडीरेस्क्यूमध्येच त्याची सोय आहे. नकाशात ‘खराब’ म्हणून नोंदलेल्या जागा आपण दिलेल्या मजकुराने भरता येतात. इमेजची आधी दुसरी प्रत केली, आणि त्या प्रतीत खराब जागी एक शब्द भरला जो दुसऱ्या कुठल्या फाइलमध्ये असायची शक्यता नाही. मग सगळ्या फाइलींत तो शब्द शोधायला लावला.

अडीच तासांनी एकच नाव आलं. ओव्यांच्या फोल्डरमधली ३७ नंबरची वेव्ह फाइल.

मूळ इमेजमधली ३७ घेतली, शब्द भरलेली नाही. शब्द आवाज म्हणून वाजला तर कर्कश येतो, शून्यं म्हणजे शांतता. हिशोब केला: रेकॉर्डर सेकंदाला ४४,१०० नमुने घेत होता, दोन बाजू, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. ४,०९६ बाइट म्हणजे एका सेकंदाचा साधारण त्रेचाळिसावा भाग, २३ मिलिसेकंद. तेवढा आजीचा आवाज गेला.

हेडफोन लावून ऐकलं. दुसऱ्या मिनिटानंतर जात्याच्या घरघरीत एक बारीक ‘टक्’. त्याच्या आधीचा आणि नंतरचा शब्द शाबूत आहे.

रविवार, २९ जून

‘ठेवा’ वर सगळं उतरवायला गेले तर मिंटने तो पार्टिशन फक्त वाचण्यापुरता उघडला. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू होतं. त्यात ‘शट डाउन’ म्हणजे अर्धवट झोप असते आणि एनटीएफएस कुलपात राहतं. ते बंद केलं, नीट शट डाउन केलं, मग उतरवलं. एकूण ६१२ जीबी. प्रत्येक फाइलचा चेकसम (तिच्यातल्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) घेऊन इमेजमधल्याशी ताडून पाहिला, सगळे जुळले. १९९ ची ओळ नव्या डिस्कवर शून्य.

ओव्यांच्या ६१ फाइली वेगळ्या काढल्या: एक प्रत भाच्याकडे पुण्याला, एक मामाकडे पेनड्राइव्हवर, एक ‘ठेवा’ वर. सोबत साध्या मजकुराची एक फाइल: कोण गातंय, कुठे, कधी, आणि ३७ मध्ये काय झालं.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “ती सदतिसावी लाव.” लावली. त्या ‘टक्’ च्या जागी तिने मान हलवली. “इथं वैरण घातली बघ तिनं,” म्हणाली. मूठभर ज्वारी जात्याच्या तोंडात टाकायला हात उचलला की खुंटा क्षणभर सैल पडतो आणि घरघर तुटते, तसं तिला ऐकू आलं. मी हेडफोन काढून स्पीकर लावला, आणि तिने पहिल्यापासून लावायला सांगितलं.